आजीच्या मजुरीचा रकाना

(दिंडीच्या शताब्दी मेळाव्यात केलेले भाषण)



दिंडीचे मालक, विणेकरी, टाळकरी, पखवाजवाले, तुळशीवाल्या माता-भगिनी आणि ट्रकमागं राबणारी आमची तरणी पोरं, सगळ्यांना आमचा दंडवत. दिंडीच्या शंभर वर्षांवर बोलायला जाणती माणसं बसलेली आहेत. आम्हाला सांगण्यात आलं, बुवा, तुम्ही नव्या पिढीविषयी बोला. आम्ही शिकलो चौथी. जे बोलतो ते थोरांच्या तोंडून ऐकलेलं, नाहीतर मातीत बघितलेलं. पण यंदा आमच्या घरातच या विषयाला कारण घडलंय, तेच तुमच्यापुढं ठेवतो.

आमची थोरली नात पुण्याला व्यवस्थापनाच्या शाळेत चालली आहे. कॅट नावाची परीक्षा असते, ती तिनं दिली. दोन वर्षांचा अभ्यास. फीचा आकडा ऐकून घरात दोन दिवस कुणी धड जेवलं नाही. जमिनीला हात लावायचा नाही, बँकेचं शैक्षणिक कर्ज काढायचं, असं ठरलं. जामीन तिचा बाप राहिला. शाळा ऐन वारीत सुरू होते, म्हणून यंदा ती आपल्यात नसेल.

हे कळल्यावर दिंडीतल्याच जुन्या माळकऱ्यांनी आम्हाला विचारलं, "बुवा, जन्मभर वैराग्य सांगितलंत आणि नातीला नफा शिकायला धाडता व्हय? शेतकऱ्याची पोर उद्या दलाल व्हायची." प्रश्न मायेचा आहे. म्हणून उत्तरही चार माणसांत देतो.

माउली, आपल्या संतांनी धंद्याला नावं ठेवली नाहीत. सावता महाराज मळ्यात राहिले, गोरोबाकाका चाकापाशी राहिले, नरहरी महाराज सोनाराच्या दुकानात राहिले. तुकोबारायांच्या घरी तर पिढीजात वाण्याचा धंदा आणि सावकारी. 1630 च्या दुष्काळात ते दुकान बसलं. पुढं कर्जखतांची वाटणी झाली. अर्धी खतं त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबांना दिली आणि आपल्या वाटची अर्धी इंद्रायणीत सोडली. कीर्तनात ही कथा आली की लोक बुडालेल्या कागदांपाशी हात जोडतात. आम्ही म्हणतो, आधी वाटणीपाशी हात जोडा. भावाच्या हिश्श्याचा एक कागद त्यांनी बुडवला नाही. दुसऱ्याचं चोख द्यायचं आणि सोडायचं तर आपल्या वाटचं सोडायचं. हिशेब येत होता म्हणून त्यांना सोडताही आलं. ज्याला आपलं किती हेच ठाऊक नाही, तो सोडणार तरी काय?

आता मातीचं सांगतो. शाळूला एकरी चार किलोच्या आसपास बी लागतं. आमची आई खळ्यावर भरदार कणसं निवडून वेगळी ठेवायची. त्यांचं बी राखेत घोळून गाडग्यात भरायची. घरातलं पीठ संपलं तर शेजारून उसनं आणायची, पण त्या गाडग्याला हात लागत नसे. नात म्हणते, आबा, याला भांडवल म्हणतात. असेल. आम्ही त्याला पुढचं साल म्हणायचो.

आणि पाऊस पडला म्हणून लगेच कुणी तिफण धरत नाही. वाफसा यावा लागतो. चिखलात घाई केली तर बी कुजतं, फार थांबलं तर ओल उडून जाते. पीक घेतलं की शेणखताच्या रूपानं रानाला परत द्यावं लागतं. नुसतं घेत राहिलं तर काळं रानसुद्धा एक दिवस हात वर करतं. ही शिकवण कुठल्याही पेढीला लागू पडावी.

पण मातीनं न शिकवलेलंही काही आहे, ते बाजाराचं. गेल्या उन्हाळ्यात कांदा गेला तेव्हा नातीनं वही घातली. रोप, खत, फवारणी, काढणी, बारदाना, टेम्पोचं भाडं, हमाली, तोलाई, सगळं मांडलं. मग विचारलं, आई आणि आजी किती दिवस रानात होत्या? शेतकऱ्याच्या वहीत याला रकाना नसतो. तिनं तो आखला. लावणी, खुरपणी, काढणी, चाळीत भरणं, सडका कांदा निवडणं, एकेक दिवस लिहिला. व्यापाऱ्याची पट्टी शेजारी ठेवली, तर घरच्या माणसांची मजुरीसुद्धा सुटलेली नव्हती. तिची आजी वहीकडं बघत राहिली अन् म्हणाली, "माझ्या कष्टाचे एवढे पैसे व्हतात व्हय?"

माउली, चाळीस वर्षं राबलेल्या बाईला तिच्या कष्टाचा आकडा पहिल्यांदा कळला. याला आम्ही लोभ म्हणत नाही. झाकलेलं सत्य वर काढणारा हिशेब हीसुद्धा सेवाच आहे. आमचं उत्तर ते हे.

आपली वारीही एक शाळाच आहे. आळंदी ते पंढरी सुमारे 250 किलोमीटर, लाखोंचा समाज, रथापुढच्या दिंड्या, रथामागच्या दिंड्या, प्रत्येकीला नंबर. हैबतबाबांनी ही शिस्त घालून दिली. संध्याकाळी तळावर समाजआरतीला चोपदार दंड उंच करतात आणि सगळे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. चोपदार चालत तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, मग पुढचं. मुंबईच्या डबेवाल्यांत आपल्या मावळ-जुन्नरकडचे कितीतरी माळकरी आहेत. त्यांच्या कामाचा धडा अमेरिकेतल्या हार्वर्डच्या व्यवसाय शाळेनं 2010 साली लिहिला. म्हणजे शाळाही आपल्याकडं शिकायला येते. मग आपण तिच्याकडं जायला का लाजावं?

नात इथंच बसलीय. बाळ, मन लावून शीक. बँकेचं कर्ज वेळेवर फेड, ते दुसऱ्याचं आहे. उद्या मोठ्या खुर्चीत बसलीस तर ज्यांच्या कष्टाला रकाना नाही त्यांचा रकाना आधी आख. बियाण्याचं गाडगं कुणाच्या सांगण्यावरून रिकामं करू नको. आणि बैठकीत सगळे गप्प असताना एखादा टाळ वाजत असेल, तर आरती उरकू नको, त्याच्यापाशी चालत जा.

यंदा तुझी जागा टाळकऱ्यांत मोकळी राहील. ती आम्ही कुणाला देणार नाही. पुढच्या साली सुट्टी काढून ये.

राम कृष्ण हरी.