पडकी कैरी आणि जोड कांदा यांची टिकाऊ चटणी



एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो आणि एका रात्रीत आंब्याखाली कैऱ्यांचा सडा पडतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचीच कैरी बाजारात जाते, भाव कोसळतो आणि कधी कधी गाडीभाडंही अंगावर येतं. याच सुमाराला उन्हाळी कांदा काढून झालेला असतो. त्यातला जोड, जाड मानेचा आणि डेंगळ्याचा कांदा चाळीत टिकत नाही. हा दोन्ही माल मातीमोल होऊ नये, यासाठी आजची माहिती आहे.

कैरी-कांद्याची चटणी आपल्याकडे घरोघरी होते, पण ती आजची उद्या संपवावी लागते. उलट कैरीचाच गुळांबा वर्षभर बरणीत राहतो. हा फरक गुळाच्या प्रमाणामुळं आणि शिजवण्यामुळं पडतो. या दोहोंचा मेळ घातला की चटणी टिकते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. कांद्याला स्वतःची आंबटाई फार कमी. कांदा वाढवला आणि आंबटाई कमी पडली, तर बंद बाटलीत विषारी जंतू वाढू शकतात. म्हणून अंदाजपंचे काम नको, तराजू हवा.

कैरी टणक आणि आंबट घ्या. पडलेली कैरी त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी वापरा. मातीत पडलेली असते, म्हणून दोन-तीन पाण्यांनी धुवा. थोडा मार लागलेला भाग कापून टाका. फुटलेली, किडकी किंवा सडकी कैरी मुळीच घेऊ नका. कांद्यालाही हाच नियम.

आता प्रमाण लिहून घ्या. साल आणि कोय काढलेली कैरी १ किलो, चिरलेला कांदा २५० ग्रॅम, गूळ १ किलो, मीठ ४५ ग्रॅम, आलं आणि लसूण प्रत्येकी १५ ग्रॅम, संकेश्वरी मिरचीची पूड १५ ग्रॅम, जिरे, मिरी व दालचिनीची पूड प्रत्येकी ५ ग्रॅम आणि व्हिनेगर १७० मिलिलिटर. घरचं कांदा-लसूण तिखट यात घालू नका. त्यात कांदा आणि तेल आधीच असतं, त्यामुळं माप बिघडतं.

गूळ तर आपल्या गुऱ्हाळाचाच. याच गुळाच्या व्यापारासाठी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली, आणि २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. असा गूळ घरात असताना साखर विकत आणायची गरज नाही.

स्टीलचं पातेलं घ्या आणि रिकाम्या पातेल्याचं वजन करून ठेवा. तांब्या-पितळेचं किंवा लोखंडी भांडं आंबट मालाला चालत नाही. कैरीच्या फोडी, कांदा, आलं आणि लसूण थोड्या पाण्यात मऊ शिजवा. गूळ आधी घातला तर फोडी कडक होतात. गूळ वेगळा विरघळवून, गाळून मग घाला. मीठ-मसाला टाकून मंद आचेवर ढवळत राहा. पातेल्याचं वजन वजा जाता माल पावणेदोन ते दोन किलोंवर आला, की व्हिनेगर घालून आणखी पाच मिनिटं उकळा.

काचेच्या बाटल्या वीस मिनिटं पाण्यात उकळून कोरड्या करा. चटणी गरम असतानाच भरा आणि झाकण घट्ट लावा. महिनाभर मुरली की चव जमते. पुढं कधी झाकण फुगलं, फेस आला किंवा बुरशी दिसली, तर वरची बुरशी काढून खालचं खाऊ नका. चाखूनसुद्धा न बघता सगळी बाटली टाकून द्या.

विक्री करायची असेल तर अन्न सुरक्षा कायदा २००६ प्रमाणे आधी नोंदणी करावी लागते. बाटलीवर घटक, वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक छापा. बचत गटातील भगिनींनी पहिल्या वर्षी एक-दोन घाणेच करून बघावेत. कैरी, गूळ, जळण, बाटली आणि स्वतःची मजुरी असा सगळा खर्च वहीत मांडावा, आणि मगच भाव ठरवावा.

वळीव आपल्या हातात नाही. पडलेल्या कैरीचं काय करायचं, ते मात्र आपल्या हातात आहे.