दूर देशीं भूजलविद्या

(जुबिलीच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



जुबिलीच्या संकल्पांत देवळाच्या आवारांत बोअरवेल खणण्याचा एक संकल्प आहे. देणगीदार मिळाला आहे, पाटीचा मजकूरही ठरला आहे. त्याविषयीं बोलण्यापूर्वीं आपल्या धर्मग्रामांतील एका कन्येची हकीकत सांगणें मला भाग आहे.

भूगर्भशास्त्राची पदवी घेऊन ही मुलगी हॉलंडांतील डेल्फ्ट येथें भूजलविद्या शिकण्यास गेली. तेथील जलशिक्षणसंस्था १९५७ सालीं परदेशी इंजिनिअरांसाठींच निघाली. त्यामुळें परका विद्यार्थी तेथें पाहुणा नव्हे, सारा वर्गच परक्यांचा! आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिका येथील मुलें एका बाकावर बसतात, शिक्षण इंग्रजींत चालतें. बापानें कर्ज काढिलें तेव्हां "पाण्यांत शिकावयाचें तें काय?" असें पुष्कळांनीं विचारिलें. मींही मनांत विचारिलें. सेमिनरींत मला तत्त्वज्ञान शिकविलें. विहीर कशी भरते हें कोणीं शिकविलें नाहीं.

पहिल्या हिवाळ्यांत ती खचली होती. साडेचारला अंधार, आणि दिवसभर गणित. दार्सी नांवाच्या फ्रेंच इंजिनिअरानें १८५६ सालीं वाळूंतून पाणी किती वेगानें झिरपतें याचा नियम प्रसिद्ध केला. त्यावरच सर्व विद्येचा पाया. पुढें शिक्षकांनीं मुलांस समुद्रकांठच्या वाळूच्या टेकड्यांवर नेलें, आणि तिचें पत्र एकदम लांबलें.

ॲम्स्टरडॅम शहर १८५३ पासून त्या टेकड्यांतील पाणी पितें. गोडें पाणी हलकें, म्हणून वाळूंत तें खाऱ्या पाण्यावर तरंगतें. समुद्रसपाटीच्या वर तें एक फूट असेल तर खालीं सुमारें ४० फूट असतें. वरचें फूटभर उतरलें कीं खालून खारें पाणी कालांतरानें ४० फूट चढतें. शहरानें उपसा वाढविला आणि खारें पाणी वर येऊं लागलें. शेवटीं १९५७ पासून ऱ्हाइन नदीचें पाणी आणून त्याच वाळूंत मुरविण्यास प्रारंभ झाला. "फादर, तीं तळीं पाहून मला आपलीं बावखलें आठवलीं," असें ती लिहिते. आपण बावखलें बुजवून घरें बांधिलीं व विहिरींचें पाणी टँकरवाल्यांस विकिलें, हें तिनें लिहिलें नाहीं. समुद्र किती जवळ आहे हें वसईकरांस मीं सांगावयास नको.

तिच्या सांगण्यावरून दर रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर मी देवळाच्या विहिरींत गांठी मारलेला दोर सोडीत असें. मुलें हंसत. चार महिन्यांचीं मापें पाठविलीं. उत्तर आलें: "बोअरवेल खारी होईलच असें मी म्हणत नाहीं. मापें अपुरीं आहेत. उन्हाळ्यासुद्धां पूर्ण वर्षाचीं हवींत, आणि जमिनीची उंचीही मोजावी लागेल. तोंवर खणूं नका."

मला राग आला, हें कबूल करतों. तिच्या शिक्षणासाठीं आपण वर्गणी दिली ती काय आपलेंच काम अडविण्यासाठीं? दोन दिवसांनीं पत्र पुन्हां वाचिलें आणि देणगीदारांकडे गेलों. त्यांनीं वर्षभर थांबण्याचें मान्य केलें आहे.

ती परत येईल कीं तिकडेच राहील, असें आईबाप मला विचारतात. तें मला ठाऊक नाहीं. दोर साक्रिस्तींत टांगला आहे. ज्यांच्या वाडींत विहीर आहे त्यांनीं तसाच एक करून घ्यावा, व रविवारचें माप चिठ्ठीवर लिहून मजकडे आणून द्यावें.