भिंतीवरची घोषणा आणि माणिक चौकातील उत्तर



युद्धकाळात भिंतीही बोलू लागतात. त्या कोणाच्या वतीने बोलत आहेत, हे वाचणाऱ्याने ओळखायचे असते.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील भिंती परकीय सत्तेच्या वतीने बोलत होत्या. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी देशातील नेत्यांना न विचारताच हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे घोषित केले. मग देशी भाषांतून सरकारी भित्तिपत्रके निघू लागली. सैन्यात भरती व्हा, संरक्षण बचतपत्रे घ्या, अफवांवर विश्वास ठेवू नका, अधिक धान्य पिकवा, असा त्यांचा उपदेश असे. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या, तेव्हा जनतेचे मनोधैर्य टिकवण्यासाठी सरकारने ‘नॅशनल वॉर फ्रंट’ ही प्रचार आघाडी उभारली. ‘हे युद्ध तुमचे आहे, तुमच्या घरादारासाठी आहे’, हा या साऱ्या प्रचाराचा गाभा होता.

या हाकेला प्रतिसाद मिळाला नाही, असे म्हणता येणार नाही. युद्ध संपले तेव्हा हिंदी सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर पोहोचली होती. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने चाल केली आणि तेथेच देह ठेवला. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कोणी पोटासाठी गेला, कोणी घराण्याच्या परंपरेसाठी. त्या जवानांचे शौर्य निखळ होते. खोट होती ती त्या शौर्याचा वापर करणाऱ्या घोषणेत.

ती खोट एका वाक्यात उघडी पडली. ऑगस्ट १९४१ मध्ये रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी अटलांटिक सनद प्रसिद्ध केली. प्रत्येक जनसमूहाला आपले शासन स्वतः निवडण्याचा अधिकार आहे, असे तिच्यात म्हटले होते. येथील सुशिक्षितांच्या आशा पालवल्या. परंतु ९ सप्टेंबर १९४१ रोजी चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये खुलासा केला की, सनदेचा रोख मुख्यतः नाझींच्या टाचेखालील युरोपीय राष्ट्रांकडे आहे. हिंदुस्थानचा प्रश्न निराळा आहे. म्हणजे फ्रान्स आणि पोलंड व्याप्त देश, त्यांची मुक्ती हे पवित्र कार्य, आणि हिंदुस्थान? त्याने रक्त द्यावे, पैसा द्यावा, आणि वाट पाहावी!

त्या खुलाशाला बरोबर एक वर्ष झाले, त्या दिवशी नंदुरबारने उत्तर दिले. ९ सप्टेंबर १९४२. तेव्हा हे गाव पश्चिम खानदेश जिल्ह्यात होते. ‘भारत छोडो’चे नेते महिन्यापूर्वीच गजाआड गेले होते. शाळकरी शिरीषकुमार मेहता तिरंगा घेऊन मिरवणुकीत निघाला. त्याच्या घोषणा त्याच्या मायबोलीत, गुजरातीत होत्या. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमारसह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच बालवीर हुतात्मा झाले. ज्या घरांचे रक्षण करीत असल्याचे सरकार सांगत होते, त्याच घरांतील ही मुले होती. त्यानंतर कोणत्या चित्रकाराचे कोणते चित्र या गावाला पटले असते?

असेच पुढे पॅरिसमध्ये घडले. फेब्रुवारी १९४४ मध्ये जर्मनांनी तेथे एक लाल भित्तिपत्रक लावले. मिसाक मानुशियान या आर्मेनियन कवीच्या गटातील दहा क्रांतिकारकांची छायाचित्रे छापून त्यांना परदेशी गुन्हेगार ठरवले होते. २१ फेब्रुवारीला मानुशियानसह बावीस जणांना गोळ्या घातल्या गेल्या. पण लोकांनी त्या पत्रकांखाली फुले ठेवली आणि त्यांवर ‘फ्रान्ससाठी मृत्यू’ असे लिहिले. बदनामीचा कागद सन्मानपत्र ठरला. २१ फेब्रुवारी २०२४ रोजी मानुशियान यांचे अवशेष फ्रान्सने आपल्या राष्ट्रपुरुषांच्या पँथिऑनमध्ये नेले.

यातून घ्यावयाचा बोध सोपा आहे. प्रचाराचे बळ रंगरेषांत असते, तोवर तो डोळ्यांना भुलवतो. त्याचा खरेपणा मात्र बोलणाऱ्याच्या वर्तनावर ठरतो. ‘अधिक धान्य पिकवा’ म्हणणाऱ्या राजवटीत १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली, आणि सरकारने तो दुष्काळ अधिकृतपणे जाहीरही केला नाही. आज भिंतीची जागा हातातल्या पडद्याने घेतली आहे. बोलणारा परका असो वा आपला, प्रश्न तेच विचारावे लागतील. कोण बोलतो आहे? कोणाला वगळून बोलतो आहे? आणि जे बोलतो, त्याची किंमत कोण मोजणार आहे?

सरकारी भित्तिपत्रके पावसात गळून गेली. माणिक चौकातील पाच नावे मात्र नंदुरबारच्या लेकरांना आजही तोंडपाठ असली पाहिजेत. ती जबाबदारी इथे बसलेल्या प्रत्येक पालकाची आणि शिक्षकाची आहे.