जोडलेली दप्तरे



बीडकडील जोडपी कोयते घेऊन पणदऱ्याच्या परिसरात ऊसतोडणीस येतात. पूर्वी त्यांचे रेशनचे धान्य गावच्या दुकानातच अडकून राही. शिधापत्रिका, आधार आणि दुकानातील यंत्र यांची सांगड घातल्यापासून ते इथेही उचलता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही सोय महाराष्ट्र-गुजरात सीमेपलीकडेही पोचली. यास आम्ही चांगलेच म्हणतो. (कोयत्याने झिजलेला अंगठा यंत्रास ओळखू येत नाही, ते असो!)

परंतु ‘सुमन’चा ‘सुमंत’ झाला, तर पूर्वी ती चूक त्या एका कचेरीपुरती राही. आता आधारमधले नाव ई-श्रमच्या नोंदीत आपोआप उतरते. दुरुस्तीसाठी मात्र बाईने रोज बुडवून दारोदार हिंडावे काय? एकाच खिडकीवर अर्ज घ्यावा, पोच द्यावी, आणि दुरुस्ती इतर दप्तरांत सरकारने स्वतः पोचवावी, ही आमची मागणी आहे.