विद्यार्थी गुरुजी आणि बाजारची विद्या



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून, ‘विद्यार्थ्यांनीच शिकवायचे, तर मग प्राध्यापकांनी पगार कशाचा घ्यायचा?’ असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न थट्टेचा असला तरी गैरलागू नाही. बोलता बोलता या पगाराच्या गोष्टीकडे आम्हांला पुन्हा यावे लागणारच आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात बर्कली येथे एक मोठे सरकारी विद्यापीठ आहे. तेथे दर सत्रात शंभराहून अधिक शिक्षणक्रम असे चालतात की, त्यांचा विषय विद्यार्थी सुचवतात, रूपरेषा विद्यार्थी आखतात, आणि फळ्यापुढे उभा राहतो तोही विद्यार्थीच. या योजनेला ‘डीकॅल’ असे सुटसुटीत नाव आहे. ‘लोकशाही शिक्षण’ असा त्याचा मथितार्थ. विषयांत काही गमतीचे असतात, काही गंभीर. आज आम्ही बोलणार आहोत ते त्यांतील व्यापारधंद्याच्या विषयांबद्दल: कंपन्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय, नवउद्योगांत भांडवल घालणे, जमीनजुमल्याचे व्यवहार, बिटकॉइनसारखी आभासी चलने, इत्यादी.

ही बजबजपुरी नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. अशा प्रत्येक शिक्षणक्रमाला एका प्राध्यापकाची सही लागते, विभागप्रमुखाची संमती लागते. ९८ आणि १९८ हे क्रमांक अशा वर्गांसाठी राखलेले आहेत. गुणांची वर्गवारी नाही. उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढाच निकाल. आणि त्या निकालाची अंतिम जबाबदारी सही करणाऱ्या प्राध्यापकाची. शिकवणार पोरगा, जामीन राहणार गुरुजी, असा हा व्यवहार आहे.

ही रीत काही सुखासुखी पदरात पडलेली नाही. १९६४ साली याच विद्यापीठात भाषणस्वातंत्र्याचे मोठे आंदोलन झाले. त्यानंतर शिक्षणपद्धतीचा विचार करण्यासाठी प्राध्यापकांची समिती बसली आणि विद्यार्थ्यांनी सुचवलेल्या शिक्षणक्रमांना वाट मोकळी झाली. १९६८ साली वंशभेदावरील अशाच एका वर्गात कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील पुढारी एल्ड्रिज क्लीव्हर यांची व्याख्याने ठरली. तेव्हा गव्हर्नर रोनाल्ड रेगन, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, ते संतापले. बाहेरच्या वक्त्याने एका वर्गापुढे एका सत्रात एकच व्याख्यान द्यावे, असा ठराव विद्यापीठाच्या नियामक मंडळाने केला. त्या वर्गाचे श्रेयांक मिळावेत म्हणून विद्यार्थ्यांनी इमारती अडवून धरल्या. गंमत अशी की, वाद केवळ व्याख्यानाचा नव्हता. क्लीव्हर यांनी मैदानात दहा काय, वीस भाषणे केली असती तरी ठराव झाला नसता. भांडण होते ते विद्यापीठाच्या शिक्क्याचे.

हा शिक्क्याचा प्रश्न फार जुना आहे. इटलीतील बोलोन्या येथे मध्ययुगात कायद्याचे जे विद्यापीठ भरभराटीस आले, ते मुळी विद्यार्थ्यांच्या संघांचे होते. दूरदेशींहून आलेली, बरीचशी प्रौढ वयाची ही मंडळी. त्यांनी आपला प्रमुख आपल्यातूनच निवडावा आणि प्राध्यापकांना आपल्या पैशाने नेमावे. प्राध्यापक वर्गात उशिरा आला, दंड. वेळ संपल्यावरही बोलत राहिला, दंड. (आमच्यासारख्या वक्त्यांना हा नियम लागू नाही, ही परमेश्वराची कृपा!) ग्रंथातील कठीण प्रकरण गाळून पुढे गेला, तरी दंड. एवढेच काय, नेहमीच्या व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर प्राध्यापक स्वतःच गैरहजर होता असे धरून दंड! परंतु एवढा दरारा असूनही एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या हाती कधी आली नाही. परीक्षा घेण्याचा आणि पदवी देण्याचा अधिकार पंडितांच्या मंडळाकडेच राहिला. पुढे प्राध्यापकांचे पगार नगराच्या तिजोरीतून होऊ लागले, आणि विद्यार्थ्यांची सत्ता हळूहळू ओसरली. विद्येच्या क्षेत्रातही पैसे देणाऱ्याचा शब्द चालतो. हे सूत्र ध्यानात ठेवून आता बाजाराकडे वळू.

व्यापाराचे विषय विद्यार्थ्यांनी शिकवावेत, याला एक सबळ कारण आहे. बाजार धावतो आणि पाठ्यपुस्तक चालते. बिटकॉइनची कल्पना मांडणारा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. तो विषय विद्यापीठाच्या नित्याच्या अभ्यासक्रमात यायचा, तर समित्या, पुस्तके, अध्यापक या सर्वांची वाट पाहावी लागली असती. बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी वाट पाहिली नाही. २०१६ च्या सुमारास त्यांनी आपला वर्ग उघडला. संगणकवाल्यांना अर्थशास्त्र ठाऊक नव्हते आणि अर्थशास्त्रवाल्यांना संगणक ठाऊक नव्हता. दोन्हींकडची मुले एका बाकावर बसली. २०१८ साली तर विद्यापीठाने याच विषयाचा शिक्षणक्रम इंटरनेटवरून साऱ्या जगाला खुला केला, आणि तो शिकवणारे याच वर्गातून पुढे आलेले होते.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. त्या विद्यापीठातील वाणिज्य शाखेत अनेक वर्षे पहिली दोन वर्षे इतरत्र काढल्यावर प्रवेश मिळे, आणि इच्छुक फार, जागा थोड्या. २०२४ पासून ती शाखा थेट चार वर्षांची झाली आहे. इतिहास किंवा रसायन शिकणाऱ्या मुलाला ताळेबंद वाचायचा असेल, तर विद्यार्थ्यांचा वर्ग ही त्याला मागच्या दाराची वाट होती. आणि शिकवणारा नुकताच शिकलेला असल्यामुळे ‘घसारा म्हणजे काय, पैसे तर कोणाला दिलेच नाहीत, मग खर्च कसा?’ ही अडचण त्याला गेल्याच वर्षी पडलेली असते. वीस वर्षे तेच शिकवणाऱ्याला ती आठवत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू. पोरांना अर्धे ज्ञान असते, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांला तो फारसा मोठा वाटत नाही. आमची भीती वेगळी आहे. खगोलशास्त्र शिकवणाऱ्या विद्यार्थ्याने शुक्राची स्तुती केली म्हणून शुक्राचा भाव वाढत नाही. बाजारचा विषय तसा नाही. २०१७ च्या डिसेंबरात एका बिटकॉइनची किंमत वीस हजार डॉलरांच्या घरात गेली. वर्षभरात ती चार हजारांच्या खाली आली. ज्याच्या स्वतःच्या गाठीला हे चलन आहे, त्याने ते फळ्यावर समजावून सांगावे, यात अप्रामाणिकपणा असेलच असे नाही, पण हितसंबंध निश्चित आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात ‘एफटीएक्स’ ही आभासी चलनांची मोठी पेढी बुडाली आणि तिचा संस्थापक पुढे फसवणुकीबद्दल दोषी ठरला. त्या पेढीवर मुरलेल्या गुंतवणूकदारांनीही विश्वास टाकला होता. मग विशीतल्या शिक्षकाने त्याच्याहून अधिक सावध असावे, ही अपेक्षा कोणी करावी?

कंपन्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय शिकवणारा विद्यार्थी बहुधा त्याच कंपन्यांत नोकरीच्या शोधात असतो. वर्गापुढे तो त्या धंद्याचे दोष कितपत सांगेल? बोलोन्यात नगराने पगार दिला आणि विद्यार्थ्यांचा अंकुश गेला; येथे पगार कोणीच देत नाही, पण उद्याच्या पगाराची आशा मात्र वर्गात हजर असते. म्हणून प्राध्यापकाच्या सहीला मोल आहे, पण ती सही वर्गात येऊन बसणाऱ्याची हवी. कागदावरचा जामीनदार काय कामाचा, हे आपल्यापैकी सहकारी पतसंस्थेत ज्यांनी ठेवी ठेवल्या आहेत त्यांना आम्ही सांगायला नको.

आपल्याकडे काय? मुंबईचे सिडनहॅम कॉलेज १९१३ सालचे. म्हणजे वाणिज्याचे उच्च शिक्षण आपल्याला नवे नाही. परंतु १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि विक्रीकरावरची कालपर्यंतची टिपणे एका रात्रीत रद्दी झाली. हिशेबनिसाच्या कचेरीत उमेदवारी करणारी मुले त्या महिन्यांत नवी विवरणपत्रे भरता भरता शिकत होती, आणि त्यांच्याच वर्गात जुने धडे चालू होते. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून अनुभवी व्यावसायिकांना महाविद्यालयांत शिकवण्याची वाट करून दिली. हे योग्यच झाले. पण ती सोय मुरलेल्यांसाठी आहे. उमेदवारी करणाऱ्या मुलाचे ताजे ज्ञान अजून चहाच्या टपरीवरच वाटले जाते.

आमची सूचना लहान आहे. आपल्या गावच्या महाविद्यालयाने एका सत्रापुरता असा एक वर्ग चालवून पाहावा, आणि विषय आभासी चलनाचा नसावा, तर अडतीच्या पट्टीचा असावा. शेतकरी माल घेऊन येतो, आणि वजन, भाव, हमाली, तोलाई यांचा हिशेब होऊन एक कागद त्याच्या हाती पडतो. अडत कोणी द्यायची, याचा नियमही सर्व मालांना सारखा नाही; फळे-भाजीपाल्याच्या बाबतीत तो बोजा शेतकऱ्यावरून काढून खरेदीदारावर टाकण्याचा निर्णय राज्यात २०१६ साली झाला. हा कागद पुरता वाचता येणारे वाणिज्य पदवीधर आम्हांला थोडेच भेटले. पण त्याच वर्गात एखाद्या अडत्याचा मुलगा बसलेला असतो आणि एखाद्या शेतकऱ्याची मुलगीही. दोघांनी मिळून शिकवावे. आपापल्या घराचा संबंध पहिल्याच दिवशी सांगून टाकावा. आणि मागच्या बाकावर सही करणाऱ्या प्राध्यापकांनी सबंध सत्र बसावे. अडत्याच्या मुलाने जो आकडा घाईने ओलांडला, तेथे शेतकऱ्याची मुलगी त्याला थांबवील. जून महिन्यात महाविद्यालय उघडेल. तोवर प्राचार्यांच्या कानावर ही गोष्ट घालण्याचे काम आम्ही पत्करले आहे.