रद्दीतून वाचलेली चित्रे



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, इतिहास, विज्ञान असे भारदस्त विषय मांडले गेले. मी मात्र अमेरिकन वृत्तपत्रांतील जुन्या चित्रपट्ट्यांविषयी, म्हणजे ज्यांना कॉमिक स्ट्रिप म्हणतात त्यांविषयी, बोलणार आहे. या निवडीला सरांची संमती असती असे मी धरून चालतो. सातवीत असताना भूमितीच्या तासाला त्यांनी माझ्याकडून 'वेताळा'चा एक अंक जप्त केला होता. वर्षअखेरीस पाहतो तो काय, वर्षभरात मुलांकडून जप्त केलेले सारे अंक त्यांनी स्वतः दाभणाने शिवून, वर पुठ्ठा चढवून, दाखलक्रमांक घालून ग्रंथालयाच्या कपाटात ठेवले होते. त्याविषयी ते वर्गात कधी एक शब्दही बोलले नाहीत.

आपल्यापैकी अनेकांची या चित्रकथांशी ओळख 'इंद्रजाल कॉमिक्स'मुळे झाली. १९६४ साली निघालेली आणि १९९० साली बंद पडलेली ही मालिका मराठीतही येत असे. ली फॉक यांचा वेताळ मुळात १९३६ सालच्या फेब्रुवारीपासून अमेरिकन वृत्तपत्रांत रोज तीन-चार चौकटींनी पुढे सरकत होता. त्याच चौकटी कापून, जुळवून आपल्यापर्यंत सबंध गोष्टीच्या रूपाने आल्या. म्हणजे उद्या काय होईल या हुरहुरीत रात्र काढण्याचे सुख-दुःख आपल्या वाट्याला आलेच नाही. आपण आरंभापासूनच संग्रहाचे वाचक! तेव्हा, रोज अर्ध्या मिनिटात वाचून रद्दीत टाकण्यासाठी काढलेली ही चित्रे ग्रंथरूपात, आणि तीही सत्तर-ऐंशी किंवा शंभर वर्षांनंतर, आपल्याला का धरून ठेवतात, हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

माझ्या मते याचे सर्वांत चांगले उत्तर फ्रँक किंग यांच्या 'गॅसोलिन ॲली' या मालिकेत सापडते. १९१८ सालच्या नोव्हेंबरात 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिचा विषय अगदी साधा होता. मोटारगाडी नुकती मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली होती, आणि घरामागच्या गल्लीत काही शेजारी जमून आपापल्या गाड्या दुरुस्त करीत गप्पा मारीत. त्यांतला वॉल्ट हा गलेलठ्ठ, सुस्वभावी ब्रह्मचारी. स्त्रीवाचकांना गाड्यांत काय रस, म्हणून कथेत एखादे मूल आणा, असे वृत्तपत्राच्या चालकांनी किंग यांना सुचविले. ब्रह्मचाऱ्याच्या घरी मूल आणायचे कसे? १४ फेब्रुवारी १९२१ च्या पट्टीत वॉल्टच्या दाराशी कोणीतरी एक तान्हे बाळ ठेवून गेले. त्याचे नाव पडले स्किझिक्स.

इथवर ही निव्वळ धंद्याची युक्ती होती. पण किंग यांनी पुढे असे काही केले की जे त्या काळी चित्रपट्टीच्या जगात कोणी करीत नसे. त्यांनी त्या बाळाला मोठे होऊ दिले. इतर मालिकांतली मुले वर्षानुवर्षे त्याच वयाची राहत. स्किझिक्स मात्र वाचकांच्या घरातल्या मुलांच्या बरोबरीने, एका दिवसाला एक दिवस, वाढत गेला. वॉल्टचे १९२६ साली लग्न झाले. स्किझिक्स शाळेत गेला, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, १९४४ साली त्यानेही संसार मांडला. यात फारशी नाट्यपूर्ण घटना नाही. कित्येक पट्ट्यांत तर काही घडतच नाही: बाळाला झोप येत नाही, गाडी चालू होत नाही, शेजारी उसनी नेलेली वस्तू परत करीत नाही.

रोजच्या वाचकाला हे वाढणे दिसत होते का? माझी शंका आहे. आपल्या घरातले मूल वाढताना आपल्याला कुठे दिसते? दूरगावचा मामा दोन वर्षांनी येतो आणि म्हणतो, "केवढा झाला हा!" संग्रह हाती घेणारा वाचक हा त्या मामासारखा असतो. 'वॉल्ट अँड स्किझिक्स' या नावाने २००५ सालापासून निघू लागलेल्या खंडांतील पहिल्यात १९२१ आणि १९२२ ही दोन वर्षे आहेत. तो मिटून पुढचा उघडला की दुपट्यातले बाळ पायांवर उभे राहून बोलू लागलेले असते, आणि मध्ये काय काय गेले ते आपल्या ध्यानात येते. जो काळ त्या मूळ वाचकांच्या अंगावरून नकळत गेला, तो आपल्याला हातात धरून पाहता येतो. या पुस्तकांचे आकर्षण निव्वळ स्मरणरंजनाचे असते, तर ते त्या पिढीबरोबर संपले असते. मला शिकागोची कसली आठवण असणार!

किंग यांच्या रविवारच्या रंगीत पानांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून राहवत नाही. शरद ऋतूत वॉल्ट आणि स्किझिक्स रानात फिरायला जात, आणि सबंध पान पिवळ्या-तांबड्या पानांनी भरून जाई. काही पाने अशी की, सगळे मिळून एकच दृश्य, एखादा समुद्रकिनारा किंवा बांधकाम चाललेले घर. त्यावर बारा चौकटींची जाळी. आणि प्रत्येक चौकटीत तीच माणसे वेगळ्या क्षणी, वेगळ्या जागी. सबंध पान एका नजरेत पाहावे की चौकटी ओळीने वाचाव्यात, असा गोड पेच पडतो.

ही पाने नाहीशी होण्याच्या बेतात होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मोठमोठ्या ग्रंथालयांनी जागा वाचविण्यासाठी वृत्तपत्रांचे मायक्रोफिल्मवर चित्रण केले आणि मूळ बांधीव खंड काढून टाकले. मायक्रोफिल्म काळी-पांढरी, तिच्यावर ते शरदातले रान म्हणजे काळा डाग. सॅन फ्रान्सिस्कोचे बिल ब्लॅकबिअर्ड यांनी हे पाहिले. ग्रंथालये आपले खंड खाजगी व्यक्तीला देत नाहीत असे कळल्यावर या गृहस्थाने एक संस्थाच नोंदविली, आणि आपले राहते घर त्या टाकाऊ खंडांनी भरून टाकले. तिथे बसून ते वर्षानुवर्षे कात्रणे कापीत, लावीत राहिले. १९७७ साली मार्टिन विल्यम्स यांच्यासह त्यांनी संपादिलेला वृत्तपत्रीय चित्रपट्ट्यांचा संग्रह स्मिथसोनियन संस्थेने काढला, तेव्हा अनेकांना या कलेचा आवाका प्रथमच कळला. पुढे १९९८ साली त्यांचा साठा ओहायो स्टेट विद्यापीठात गेला. त्याचे वजन भरले सुमारे ७५ टन! 'गॅसोलिन ॲली'च्या खंडांनाही जो मॅट या चित्रकाराने हौसेने जमविलेली कात्रणे उपयोगी पडली. मोठ्या संस्थांनी टाकले आणि छांदिष्ट माणसांनी उचलले, असा हा इतिहास आहे.

जॉर्ज हेरिमन यांच्या 'क्रेझी कॅट'बद्दल बोलायला खरे तर वेगळे व्याख्यान हवे. मांजर उंदरावर प्रेम करते, उंदीर तिला वीट फेकून मारतो आणि ती विटेलाच प्रेमाची खूण समजते. एवढ्याच भांडवलावर ते १९१३ पासून १९४४ साली झालेल्या मृत्यूपर्यंत रेखाटीत राहिले. पुष्कळ वाचकांना ती मालिका कळत नसे. वृत्तपत्रांचे मालक हर्स्ट यांनाच ती आवडे म्हणून ती टिकली. चार्ल्स शुल्झ यांची 'पीनट्स' तर सर्वांना ठाऊक आहे. २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० या काळातल्या १७,८९७ पट्ट्या २००४ ते २०१६ या वर्षांत क्रमवार ग्रंथरूप झाल्या. त्यांतले सुरुवातीचे, चार पायांवर चालणारे साधे कुत्रे पाहिल्यावर हाच का तो स्नूपी, असे वाटते.

या संग्रहांत सारेच गोमटे आहे असे मी म्हणणार नाही. वॉल्टच्या घरची रेचल ही कृष्णवर्णीय दाई ज्या विद्रूप रीतीने रेखाटली आहे, ते पाहून मान खाली जाते. ती पाने गाळावीत, असे मात्र मला वाटत नाही. ज्या सज्जन शेजाऱ्यांवर आपण लोभ करू लागलो, त्यांना हे चित्र खटकत नव्हते, हेही आपल्याला कळले पाहिजे. निवडक वेच्यांत ते कळत नाही, क्रमवार छापलेल्या ग्रंथांत कळते. आणखी एक सूचना: हे खंड एका बैठकीत वाचू नयेत, कंटाळा येतो. रोज चार-सहा पानांहून अधिक वाचू नये.

'वॉल्ट अँड स्किझिक्स'चे पहिले दोन खंड मी शाळेसाठी आणले आहेत. काल ग्रंथपालबाईंनी मला सरांनी शिवलेले ते बाड काढून दाखविले. पुठ्ठा सुटला आहे, शेवटच्या अंकाची काही पाने गेली आहेत. पण मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात मी पेन्सिलीने घातलेले माझे नाव अजून वाचता येते. हे खंड त्याच्या शेजारी लावावेत आणि त्या कपाटाला कुलूप घालू नये, एवढी परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागतो.