मणक्याच्या ऑपरेशननंतर घरी

रामटेकहून नागपूर जवळपास 50 किलोमीटर. तिथल्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात किंवा मिहानच्या एम्समध्ये मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस घरी परततो, तेव्हा पहिला प्रश्न असतो झोपायचा. अंगणातली ढिली बाज नको, ती मधोमध खचते. सपाट पलंग बरा.

उठताना झटक्यात बसायचं नाही. गुडघे वाकवून खांदे आणि कंबर एकत्रच कुशीवर वळवायची, पाय खाली सोडायचे आणि हातांनी रेटा देत उठायचं. पाठीला पीळ पडता कामा नये. दवाखान्यात हे शिकवतात, घरी आल्यावर मात्र विसर पडतो! कूलरमध्ये बादलीने पाणी ओतायचं काम दुसऱ्याकडे सोपवावं. उकिडवं बसायच्या संडासावर कमोड खुर्ची ठेवता येते.

नुसतं पडून राहणंही वाईट. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. घरातल्या घरात थोडं थोडं चालावं. रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्या डॉक्टर हो म्हणेपर्यंत राहू द्याव्यात.

ताप आला, टाक्यांतून पू आला किंवा एक पोटरी सुजली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद गेली किंवा अचानक धाप लागली, तर सकाळची वाट पाहू नये. लगेच 108 ला फोन करावा.